तांब्याच्या पोटात चांदी

‘वैष्णोदेवीचं दहाचं नाणं विका, लखपती व्हा’ हा फॉरवर्ड परवा पुन्हा येऊन धडकला. लखपती कोणी होणार नाही. पण ते नाणं घरात असेलच, तर त्याची पिवळी कड आणि मधली पांढरी चकती जिथे भेटतात तिथे नख फिरवून पहा. ना झाळ, ना डिंक. तरी चकती निसटत नाही.

असंच काहीसं अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या नव्या टाकसाळीत १७९२ साली करून पाहिलं होतं.

अडचण वजनाची होती. कायद्याने एका सेंटमध्ये २६४ ग्रेन, म्हणजे १७ ग्रॅम तांबं ठरवलेलं. डॉलरभर सुटे घेतले की खिशात पावणेदोन किलोचं ओझं! मुख्य नाणेकार हेन्री व्हॉइट मूळचा घड्याळजी. त्याने पाव सेंटच्या तांब्यात पाऊण सेंटची चांदी बसवली. हिशेबाने ही चांदी अवघी ०.१८ ग्रॅम भरते, आकाराने मोहरीच्या चार दाण्यांएवढी. नाणं साडेचार ग्रॅमवर आलं. मग चांदी तांब्यात वितळवूनच का नाही टाकायची? तोही बेत होता. पण चार टक्के चांदीने तांब्याचा रंग फारसा पालटत नाही. खोटी नाणी पाडणाऱ्यांची चंगळच झाली असती.

आता माझा आवडता भाग. भोक पाडलेल्या चकतीत चांदीची गुटी ठेवायची आणि ठशांमध्ये दाबायची. दाबाखाली धातू न वितळता वाहतो. घनफळ तेवढंच राहतं, त्यामुळे गुटीची उंची घटली की ती आडवी फुगते आणि भोकाच्या भिंतीवर रेटा देते. तांबंही ताणलं जातं. त्यातला काही ताण कायमचा, पण थोडा लवचीक. दाब सुटला की तेवढं तांबं मागे यायला बघतं आणि गुटीला आवळून धरतं. कढईच्या कानाचा रिव्हेट ठोकताना हेच घडतं. छापही त्याच दाबात उमटतो.

१८ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री जेफरसनने असे दोन सेंट राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनकडे धाडले. पण जानेवारी १७९३ मध्ये संसदेने सेंटचं वजनच २०८ ग्रेनवर आणलं, चांदीची गुटी मागे पडली.

त्या नमुन्यांपैकी आज डझन-दीड डझनच उरलेत. २०१२ मध्ये एक साडेअकरा लाख डॉलरला गेला. भाव दुर्मिळतेचा, हे खरंच. मला मात्र मोह त्या मधल्या ठिपक्याचा. लाल तांब्यात तो दोन्ही बाजूंनी दिसतो. भोवती मजकूर आहे: ‘स्वातंत्र्य – विज्ञान आणि उद्योगाचं जनक’. ‘उद्योग’ पुरता लिहायला जागा पुरली नाही, म्हणून तो शब्द अर्ध्यावर तोडलाय.