शांत करणारा रेणू शांत करेनासा होतो तेव्हा

मेंदूतल्या पेशी सतत एकमेकींना डिवचत असतात. त्यांना आवरण्याचं काम मुख्यतः गॅबा नावाचा एक छोटासा रेणू करतो. तो मेंदूत असतो हे १९५० साली कळलं.

गॅबा पेशीवरच्या गॅबा-ए रिसेप्टरला जाऊन चिकटतो. हा रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिनांनी कडं करून मधे राखलेली अरुंद वाट. गॅबा चिकटला की वाट उघडते, बाहेरचे ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशीला संदेश सोडणं जड जातं. पण त्यासाठी पेशीच्या आत क्लोराइड कमी असायला हवं. केसीसी-२ नावाचं प्रथिन ते अखंड बाहेर उपसत असतं, गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसं.

ताणाचा घाला पडतो तो या उपशावर. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी सीआरएच हे संप्रेरक सोडतात आणि त्यातूनच पुढे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक येतं. एरवी या पेशींवर गॅबाचा कडक पहारा असतो. उंदरांना ताण दिला तेव्हा मात्र तिथलं केसीसी-२ मंदावलं आणि आत क्लोराइड साठू लागलं. आता गॅबा येतो, वाटही उघडते, पण क्लोराइडला आत जायची ओढच उरलेली नसते. काही पेशींत तर ते उलट बाहेर पडतं आणि आवरायला आलेला गॅबाच पेशीला चेतवतो! म्हणूनच ताणाने पिचलेल्या माणसाला कुणी ‘मन घट्ट कर’ म्हणालं की मला राग येतो.

ताण लांबला तर रिसेप्टरची घडणही बदलते. कडं करणारी प्रथिनंच वेगळी येतात. मेंदूच्या सगळ्या भागांत हे एकाच दिशेने होत नाही.

त्यातच मदतीला येणारा हातही आखडतो. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे मेंदूतही तयार होणारं स्टेरॉइड गॅबा-ए रिसेप्टरचं काम जोमदार करतं. थोड्या वेळाच्या ताणात ते वाढतं. पण आठवडेच्या आठवडे एकटे ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत ते घटलेलं आढळलं. गरोदरपणात त्याचं प्रमाण खूप चढतं आणि बाळंतपणानंतर धाडकन उतरतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेलं ब्रेक्सानोलोन म्हणजे हेच स्टेरॉइड, शिरेतून ६० तास थेंबाथेंबाने दिलेलं.