आधी गाडी खाली, मग माप, मग रिम : लोअर केलेल्या गाडीवर अलॉय बसवून घेणाऱ्यांसाठी

"फोक्सवॅगन पोलोला १७ इंची रिम बसतात का?" असं फोनवर विचारणाऱ्यांना आम्ही "बसतात" असंच सांगतो. त्या उत्तराचा उपयोग मात्र फारसा नाही. रिम हबवर (चाक जिथे बोल्टने बसतं तो भाग) बसणं वेगळं आणि लोअर केलेली, म्हणजे छोटे स्प्रिंग घालून खाली आणलेली गाडी मागे तीन माणसं, डिकीत सामान घेऊन कात्रजचा घाट न घासता उतरणं वेगळं. हे पत्रक त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पीसीडी, ऑफसेट, प्रोफाइल हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत असं धरून लिहिलंय. नसतील तर काउंटरवर विचारा, सांगायला आम्हाला आवडतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

कुणीतरी विकायला काढलेला सेट स्वस्तात दिसतो. पीसीडी ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) जुळते, डिझाइन आवडतं, सेट घरी येतो. घराजवळच्या टायरवाल्याकडे टायर चढतात. मग लोअरिंग स्प्रिंग मागवले जातात आणि हे सगळं एकदम आमच्या दारात येतं, "संध्याकाळपर्यंत होईल ना?" या प्रश्नासकट. स्प्रिंग बसतात, चाकं लागतात, गाडी गेटबाहेर पडते आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून खर्रकन आवाज येतो.

यानंतर करण्यासारखं थोडंच उरतं. टायर चढलेली रिम विकणारा परत घेत नाही, कारण रिमच्या ओठावर, म्हणजे कडेवर, मशीनचे व्रण असतात. एकदा चढवलेला टायर दुकानदार घेत नाही. आमचा रॅम्प दिवसभर अडतो आणि ज्याने वेळ ठरवून गाडी आणली तो बाहेर चहा पीत बसतो.

म्हणून क्रम असा : गाडी आधी खाली करायची, स्प्रिंग बसू द्यायचे, अलाइनमेंट करायची, मग त्या उंचीवर माप घ्यायचं. रिम त्या मापाने मागवायची. ती आली की टायर न चढवता नुसती हबवर लावून बघायची. टायर सगळ्यात शेवटी.

"मूळ उंचीवर घेतलेलं माप का चालत नाही? गाडी तीच आहे ना?" गाडी तीच, पण चाक त्याच जागी राहत नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. सोबत टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो. पोलोच्या मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे. तिथे गाडी कितीही खाली करा, चाक जवळपास उभंच राहतं आणि सरळ वर मडगार्डच्या कडेकडे जातं. म्हणून पोलो पुढून छान दिसते आणि मागून घासते. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसला मागे मल्टीलिंक (प्रत्येक चाकाला वेगळे आर्म) आहे, तिथे उलटं : चाक आत झुकतं, कडेला लागत नाही, पण अलाइनमेंट टाळली तर टायरची आतली बाजू तारा दिसेपर्यंत झिजते आणि बाहेरून नवा टायर दिसत राहतो. दोन्ही गाड्या "३५ मिलिमीटर खाली" आहेत, तरी दोघींना एकच रिम सुचवता येत नाही. त्यांची पीसीडीही वेगळी आहे, पण तेवढं सगळे बघतात.

नवे स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये आणखी थोडे बसतात. सस्पेन्शन आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्टही गाडीचं वजन चाकांवर असतानाच पक्के करावे लागतात. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं, उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतो. बाहेरून स्प्रिंग बसवून आणलेल्या गाडीचे हे बोल्ट आम्ही आधी सैल करून पुन्हा आवळतो. काहींना वाटतं आम्ही बिल वाढवतोय. असो.

ऑफसेटचा हिशोब घरी करता येतो

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये; रिमवर ते ईटी म्हणून लिहिलेलं असतं. जे च्या आधीचा आकडा म्हणजे रुंदी, इंचांत. समजा तुमची मूळ रिम ६ जे, ईटी ४० आहे आणि आवडलेली ७.५ जे, ईटी ३५. रुंदीचे इंच २५.४ ने गुणा, अर्धे करा. त्यातून ईटी वजा केली की हबपासून बाहेरची बाजू मिळते, मिळवली की आतली. मूळ रिम बाहेर ३६.२, आत ११६.२ मिलिमीटर. नवी बाहेर ६०.२५, आत १३०.२५. म्हणजे चाक २४ मिलिमीटर बाहेर आलं आणि १४ मिलिमीटर स्ट्रटकडे सरकलं. "ऑफसेटमध्ये पाचाचाच फरक आहे" म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. याच गाडीवर ७ जे, ईटी ४० घेतली तर दोन्ही बाजूंना १२.७ वाढतात. लोअर केलेल्या पोलोसाठी आम्ही बहुतेकदा इथेच थांबायला सांगतो.

टायरचा व्यास मूळच्या जवळ ठेवा. १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत म्हणजे प्रोफाइल रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंच) चा व्यास ६०३ मिलिमीटर. १६ वर १९५/५० घेतला तर ६०१, १७ वर २१५/४० घेतला तर ६०४. दोन्ही चालतात. २०५/४५ आर१७ मात्र ६१६ पर्यंत जातो, आणि ते जास्तीचे मिलिमीटर खाली केलेल्या गाडीत ठेवायला जागा नसते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका : ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८२ म्हणजे ४७५.

१६ की १७? विकायला आम्हाला १७ परवडतात. पण मूळ टायरची भिंत १११ मिलिमीटर, १७ वरच्या २१५/४० ची ८६, म्हणजे धक्का झेलायला रबर कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तुमच्या सोसायटीच्या दारातला कसा आहे, तुम्हीच बघा. रोजची गाडी असेल आणि पावसाळ्यात सिंहगड रोडने जाणं-येणं असेल तर १६ घ्या. रविवारची गाडी असेल तर १७ ची मजा वेगळी आहे, नाही म्हणत नाही.

बोल्ट, हब रिंग आणि स्टेपनी

फोक्सवॅगन-स्कोडाचे मूळ बोल्ट एम१४×१.५, बॉल सीटचे, म्हणजे त्यांची बैठक गोलाकार असते. बाजारातल्या बहुतेक अलॉयला ६० अंशांची कोन सीट असते. बॉल सीटचा बोल्ट कोन सीटमध्ये आवळला जातो, पाना "टक" सुद्धा म्हणतो, पण धातू नुसत्या एका रेषेवर टेकलेला असतो. असा बोल्ट सैल होतो. होंडा सिव्हिकलाही हेच लागू : तिचे नट एम१२×१.५, मूळचे बॉल सीटचेच.

पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या रिमचं भोक बरेचदा ७३.१. मधली जागा हब रिंगने (तेवढ्या मापाच्या कड्याने) भरावी लागते, नाहीतर ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग पुन्हापुन्हा करत बसतात.

आता स्टेपनी. डिकीत मूळ लोखंडी रिम असते आणि तिला मूळचेच बोल्ट लागतात. नव्या अलॉयसोबत कोन सीटचे बोल्ट आले की जुने घरी माळ्यावर जातात. मग रात्री एक्सप्रेसवेवर पंक्चर झालं की स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, आणि बोल्ट नाहीत. म्हणून आमच्याकडून गाडी नेताना पाच जुने बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खाचेत ठेवलेले असतात. ते काढू नका.

आम्ही काय करत नाही

अरुंद टायर ताणून रुंद रिमवर चढवत नाही. जागा होत नाही म्हणून स्पेसर (हब आणि रिममधली चकती) घालून मूळ लांबीचे बोल्ट वापरत नाही. चाक मडगार्डच्या बाहेर येईल अशी जोडणी करत नाही. कडेची लिप आत वळवून देतो, पण हीटगनने रंग तापवून, सावकाश. तरीही जुन्या किंवा दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीचा रंग तडकू शकतो, आणि हे काम सुरू करण्याआधी कागदावर सही घेतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितलं आहे. विमा कंपनीला लेखी विचारून त्यांचं उत्तर जपून ठेवा.

"बाहेर अर्ध्या तासात बसवून देतात, तुम्हाला अर्धा दिवस का लागतो?" कारण आम्ही पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत खडू लावतो, सस्पेन्शन जॅकने दाबतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवतो आणि मागे माणसं बसवून गाडी फिरवून आणतो. खडू जिथे पुसला गेला तिथे तुमची गाडी पुढच्या महिन्यात घासणार असते. बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने आवळतो : पोलोला १२० न्यूटन मीटर, सिव्हिकला १०८. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला यायचं. त्याचे पैसे नाहीत, पाच मिनिटांचं काम आहे, आणि तरी निम्मे लोक येत नाहीत.

नुसती रिम लावून बघण्याचे पैसे घेतो. रिम आमच्याकडून घेतली तर ते बिलातून वजा होतात. बाहेरून आणलेला सेटही लावून देतो, तोंड वाकडं करत नाही. फक्त विकत घ्यायच्या आधी रिमच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. रुंदी, ईटी आणि जेडब्ल्यूएलची (अलॉय रिमच्या जपानी मानकाची) खूण तिथे उमटवलेली असते. खूण नुसती ओतलेली असूनही चाचणी न झालेल्या रिम बाजारात आहेत, म्हणून फोटोसोबत सेट कुणाचा, कधी घेतलेला, तेही लिहा.

माप घ्यायला येताना गाडी धुऊन आणा, डिकी रिकामी ठेवा, टाकी अर्धी असू द्या आणि मूळ बोल्टचं लॉक असेल तर त्याची चावी विसरू नका. शनिवार-रविवारी फक्त बसवण्याची कामं करतो. मापासाठी मंगळवार ते शुक्रवार, सकाळी या.