पिवळ्या डायलचे सिको आणि ‘ओरिजिनल’ या शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी बाजारात बसणाऱ्या घड्याळजींकडे अलीकडे एका जुन्या घड्याळाची चौकशी होऊ लागली आहे. जपानच्या सिको कंपनीचे ६१३९ हे यंत्र, उजव्या कडेला दोन बटने आणि शक्यतो पिवळी डायल असलेले हे घड्याळ साधारण पन्नास वर्षांपूर्वीचे असून, त्यासाठी लांबून येणारे ग्राहक किमतीच्या आधी ‘डायल ओरिजिनल आहे का’ हेच विचारतात. ज्यांच्या घरात ते आजोबांपासून आहे त्यांना हा प्रश्न आधी कळत नाही, आणि कळला की लागतो.

हे घड्याळ क्रोनोग्राफ आहे, म्हणजे बटन दाबून हवा तेवढा कालावधी मोजता येणारे. शब्दाचा अर्थ मात्र ‘काळ लिहिणारा’ असा आहे, आणि १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत वापरलेले यंत्र खरोखरच फिरत्या डायलवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवीत असे. (त्याहून जुने, १८१६ चे एक यंत्र २०१३ मध्ये उजेडात आले आणि आद्यत्वाचा मान तिकडे गेला.) पुढे शाई गेली, नाव तसेच राहिले. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या वैदर्भीय वाचकाला शर्यतीचे आणि सेकंदकाट्याचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. मनगटी क्रोनोग्राफला काटे शून्यावर आणण्यासाठी वेगळे बटन १९३४ मध्ये मिळाले आणि आजची दोन बटनांची ठेवण तेव्हापासूनची आहे.

१९६९ पर्यंत मनगटी क्रोनोग्राफला रोज चावी द्यावी लागत असे. हाताच्या हालचालीने स्वतःच भरणारा क्रोनोग्राफ प्रथम कुणी केला, हा वाद त्या एका वर्षातला आहे. एका स्विस कारखान्याने १० जानेवारीला घोषणा केली, काही कारखान्यांच्या एकत्रित गटाने ३ मार्चला आपले घड्याळ जगासमोर ठेवले, आणि जपानमध्ये ६१३९ मे महिन्यात विक्रीस आले. घोषणा धरली तर मान स्वित्झर्लंडचा आणि दुकानात पैसे मोजून घड्याळ हाती पडणे धरले तर जपानचा. घड्याळ मनगटावर बांधण्यासाठी असते, असे मानणाऱ्यांच्या बाजूने प्रस्तुत लेखक आहे.

यंत्राची रचनाही जपानी पक्षाला बळ देणारी आहे. जुन्या क्रोनोग्राफमध्ये बटन दाबताच एक दातेरी चाक बाजूने येऊन दुसऱ्यात अडकत असे आणि सुरुवातीला काटा किंचित उडी मारत असे. ६१३९ मध्ये त्याऐवजी उभा क्लच आहे. तो वरून दाबून चाके जोडतो, त्यामुळे काटा न थरथरता निघतो. या घड्याळात वेगळा चालता सेकंदकाटा नाही, म्हणून अनेक जण क्रोनोग्राफचाच काटा दिवसभर चालू ठेवत आणि उभ्या क्लचमुळे ते यंत्राला फारसे जाचतही नसे. सहाच्या जागी तीस मिनिटांची छोटी तबकडी, तीनच्या जागी वार आणि तारीख, आत चावीने फिरणारी रिंग व बाहेर वेग मोजण्याचे आकडे, अशी मांडणी आहे. ते आकडे एक किलोमीटर किंवा मैल अशा लांब अंतराच्या हिशोबाने असल्यामुळे पटाच्या धावेला निरुपयोगी आहेत. यंत्राचे तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा; त्याहून बारीक फरकाने जिंकलेल्या जोडीला या घड्याळाचा आधार घेता येत नाही.

पिवळ्या डायलचे भाव चढले ते एका अमेरिकी अंतराळवीरामुळे. १९७३-७४ च्या ८४ दिवसांच्या अवकाश मोहिमेत त्याने असे घड्याळ अधिकृत मंजुरीशिवाय वापरले होते, पण ही गोष्ट सर्वांना कळायला काही दशके जावी लागली. तोवर आपल्याकडे ते लग्नातले घड्याळ होते. १९६१ पासून बंगळूरच्या सरकारी कारखान्याची घड्याळे मिळू लागली तरी परदेशी घड्याळांची आयात जवळजवळ बंद होती. आखातातून आलेल्या नातेवाइकाकडून किंवा मुंबईच्या चोरट्या मालातून एखादे मिळाले आणि कापसाचे पैसे हाती आलेले असले, की ते जावयाच्या मनगटावर जाई.

‘ओरिजिनल’ या शब्दाची गुंतागुंत इथे सुरू होते. कुटुंबाच्या दृष्टीने ओरिजिनल म्हणजे तेच घड्याळ, जे बदलले किंवा विकले गेले नाही. घड्याळजीच्या दृष्टीने ओरिजिनल म्हणजे जपानी यंत्र, नकली नव्हे. मग त्यातला एखादा भाग दुसऱ्या जपानी घड्याळातून काढून घातलेला असला तरी चालतो. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र कारखान्यातून बाहेर पडताना जे भाग एकत्र होते तेच आजही एकत्र असणे म्हणजे ओरिजिनल. या तिन्ही अर्थांत खोटे बोलणारा कुणीच नाही, तरी सौदा मोडतो. मे महिन्याचे ऊन, शेतातला घाम आणि धूळ यांनी डायलचा रंग उडाला, अंधारात चमकणारा लेप काळवंडला, तेव्हा मालकाने ती पुन्हा रंगवून घेतली. तो त्या काळी काळजीचा भाग होता आणि चकचकीत डायलीचे कौतुकही होई. आज तीच डायल घड्याळाची किंमत उतरवते.

रंगवलेली डायल ओळखणे अवघड नसते. कारखान्याच्या डायलवर तळाशी अगदी बारीक अक्षरांत क्रमांक असतो, तो पुन्हा रंगवताना बहुधा पुसला जातो. सुरुवातीच्या डायलवर सत्तर मीटरपर्यंत ‘वॉटर प्रूफ’ असे छापलेले असे, त्यानंतर ‘रेझिस्ट’ आले आणि पुढे तो मजकूरच गेला. पाठच्या झाकणावरील अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरे चिन्ह महिन्याचे असते, पण वर्षासाठी एकच आकडा असल्याने नऊ म्हणजे १९६९ की १९७९, हे डायलवरील शब्द पाहूनच ठरवावे लागते. पाठीवर ‘प्रूफ’ आणि पुढे ‘रेझिस्ट’ दिसले, तर डायल किंवा झाकण यांपैकी एक दुसऱ्या घड्याळाचे असण्याची शक्यता मोठी.

या सगळ्याचा परिणाम कामावर झाला आहे. पूर्वी ग्राहकाने न सांगताही डायल रंगवायला पाठवणारे घड्याळजी आता आधी विचारतात, यंत्र उघडून साफ करतात, सुकलेले तेल काढून नवे घालतात आणि डागाळलेल्या पिवळ्या डायलला बोटही लावत नाहीत.