चाहत्यांची संमेलने आणि आगाऊ पैशाचा पेच

विज्ञानकथा, कॉमिक्स यांच्या चाहत्यांनी चाहत्यांसाठी भरवलेल्या संमेलनाला पैसे कमी पडतात, हे सगळ्यांना माहीत असते. ते कधी कमी पडतात, इकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सभागृहाची अनामत, पाहुण्यांचा प्रवास, छपाई, ध्वनियंत्रणा यांचे पैसे महिनोन्‌महिने आधी मोजावे लागतात, आणि ज्यांच्या खिशातून ते यायचे ती मंडळी नाव नोंदवतात शेवटच्या आठवड्यात. पाठीशी कंपनी नाही, बँक कर्ज देत नाही. निधी उभारण्याच्या ज्या तऱ्हा या मंडळींनी काढल्या, त्यांतल्या बहुतेक या एका पेचातून निघालेल्या आहेत.

सुरुवातीला पेच लहान होता. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात विज्ञानकथांचे मूठभर वाचक थिऑसॉफिकल हॉलमध्ये जमले. ठरवून भरवलेले पहिले विज्ञानकथा संमेलन म्हणून त्याचे नाव घेतले जाते. (अमेरिकेतल्या चाहत्यांचे म्हणणे वेगळे, ते ऑक्टोबर १९३६ च्या फिलाडेल्फियातल्या भेटीला पहिला मान देतात. हा वाद मिटण्याची चिन्हे नाहीत.) एवढ्या लोकांचा खर्च वर्गणीत भागतो. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅरव्हॅन हॉलमध्ये पहिले वर्ल्डकॉन, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलन, झाले, त्याला सुमारे २०० जण आले आणि प्रश्न जरा मोठा झाला.

त्यावर तोडगा निघाला लिलावाचा. त्या काळी मासिकांच्या मुखपृष्ठांची आणि आतल्या चित्रांची मूळ प्रत छपाई झाली की संपादकांच्या लेखी अडगळच. ती चित्रे संमेलनाला फुकट मिळत आणि चाहते ती बोली लावून घेत. १९४० च्या दशकात वर्ल्डकॉनचे सदस्यत्व एक डॉलरला मिळे. त्यात काय भागणार? लिलाव हाच मोठा आधार होता. पण लिलाव संमेलनातच व्हायचा, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर. तोवर आयोजकांची पदरमोड, आणि बोली कमी लागली तर ती पदरमोड कायमची.

दुसरी तऱ्हा मला सगळ्यांत रंजक वाटते. तिच्यात पैसा सभागृहासाठी जमवत नाहीत, एका माणसासाठी जमवतात. १९४९ च्या सिनसिनाटीच्या संमेलनाला ब्रिटिश संपादक टेड कार्नेल आले ते ‘बिग पाँड फंड’च्या पैशांवर. १९५२ मध्ये बेलफास्टचे वॉल्ट विलिस शिकागोला पोहोचले, तेही चाहत्यांच्या वर्गणीतून. त्यातून १९५३ मध्ये ‘ट्रान्सअटलांटिक फॅन फंड’, म्हणजे टॅफ, उभा राहिला. अटलांटिकच्या एका काठावरचा चाहता निवडून दुसऱ्या काठावरच्या संमेलनाला पाठवायचा, असे त्याचे काम. पहिली निवडणूक जिंकलेल्याला जाताच आले नाही. १९५५ मध्ये क्लीव्हलँडला केन बल्मर गेले.

टॅफची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. मत द्यायचे तर किमान देणगी द्यावी लागते, म्हणजे निवडणूक हाच निधीसंकलनाचा मार्ग. उमेदवाराला दोन्ही काठांवरचे मिळून पाच सूचक लागतात, निवडून आलो तर जाईन याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागते आणि स्वतःची भूमिका १०१ शब्दांत मांडावी लागते. कोणीच पसंत नसेल तर ‘यंदा पैसे राखून ठेवा’ असे मत देण्याचीही सोय आहे. जो जिंकतो त्याच्याच गळ्यात पुढची व्यवस्था पडते: हिशेब ठेवा, नवी निवडणूक घ्या, प्रवासवर्णन लिहा आणि ते विकून निधीत भर घाला. ही प्रवासवर्णने वर्षानुवर्षे अपुरी राहतात, हा त्या वर्तुळातला जुना विनोद. पण कार्यालय नसलेला, पगारी माणूस नसलेला हा निधी आजही चालू आहे, आणि माझ्या मते त्याचे श्रेय या गळ्यात पडण्यालाच आहे. ही कल्पना पुढे पसरली. जपानचे ताकुमी शिबानो १९६८ च्या वर्ल्डकॉनला अशाच एका निधीतून गेले. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिका जोडणारा ‘डफ’ हा निधी सुरू झाला, १९७९ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियामधला गफ.

संमेलनाच्या स्वतःच्या खर्चासाठी मात्र आगाऊ पैशाचीच वाट शोधावी लागली. वर्ल्डकॉनमध्ये प्रेक्षक नसतो, सदस्य असतो. व्यासपीठावर बोलणारे आणि राबणारे स्वयंसेवकही सहसा स्वतःचे सदस्यत्व विकत घेतात. येणे जमणार नाही त्याला कमी पैशात नुसते सदस्य होता येते (पूर्वी याला ‘सहायक सदस्य’ म्हणत). त्याला प्रकाशने मिळतात, विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांसाठी मत मिळते आणि आयोजकांना खुर्ची न अडवता पैसे मिळतात. यजमान शहर सदस्यांच्या मतदानाने दोन वर्षे आधी ठरते आणि हे मतदानही फी भरूनच करायचे. गंमत अशी, की हरलेल्या शहराला मत देणाऱ्यांचे पैसेही जिंकलेल्या शहराकडे जातात आणि ते सगळे नव्या संमेलनाचे सदस्य होतात. अनामत भरायला त्यामुळे पहिल्याच दिवशी हातात काही येते. उरलेला भार हॉटेलशी केलेल्या करारावर. चाहत्यांनी ठरलेल्या संख्येने खोल्या घेतल्या तर सभागृहे स्वस्तात किंवा फुकट. खोल्या रिकाम्या राहिल्या तर दंड. हा दंड अनुभवी आयोजकांचीही झोप उडवतो.

दरवर्षीचे वर्ल्डकॉन वेगळी संस्था भरवते आणि वर त्यांची सामाईक तिजोरी नाही. याचा अर्थ १९८३-८४ मध्ये नीट कळला. बॉल्टिमोरचे १९८३ चे संमेलन मोठ्या कर्जात बुडाले. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला आठ हजारांवर लोक आले आणि चांगली शिल्लक उरली. एकाच्या शिलकेवर दुसऱ्याचा कसलाही हक्क नव्हता. पुढे शिलकीतला निम्मा वाटा नंतरच्या संमेलनांना देण्याचा प्रघात पडला. तो ऐच्छिक आहे, पण जो देत नाही त्याला आधीच्यांकडूनही मिळत नाही.

कॉमिक्सच्या चाहत्यांनी वेगळीच युक्ती काढली: मोठ्या संमेलनासाठी पैसे हवेत तर आधी छोटे संमेलन भरवा. २१ मार्च १९७० रोजी सॅन डिएगोच्या यू. एस. ग्रँट हॉटेलमध्ये एक दिवसाचे ‘मिनिकॉन’ झाले. पैसा आणि उत्सुकता दोन्ही गोळा करायची, हा हेतू. शे-दीडशे लोक आले. त्या बळावर ऑगस्टमध्ये तीन दिवसांचे संमेलन झाले, तेच आजचे सॅन डिएगो कॉमिक-कॉन. तोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये सुरू झालेल्या कॉमिकेट या मेळाव्याने भार विक्रेत्यांवर टाकला. पहिल्या खेपेस ३२ गट आणि सुमारे ७०० लोक होते. आपली मासिके विकणारे गट टेबलाची फी आधी भरतात आणि जाडजूड सूची विकून उरलेले पैसे येतात. तरी आयोजकांचे सूत्र असे, की इथे ग्राहक कोणी नाही, सगळे सहभागीच.

दरम्यान व्यापारी जागे झाले होते. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी काही शे लोकांची अपेक्षा ठेवून संमेलन भरवले, आले तीन हजारांवर. तिकीट काढायचे, स्वाक्षरीचे वेगळे पैसे मोजायचे, असे कंपन्यांचे मेळावे त्या दशकापासून वाढत गेले. मानधन घेणाऱ्या कलाकारांचे दर चढले आणि स्वयंसेवी संमेलनांची आगाऊ गरजही.

लोकांकडून आगाऊ पैसे जमवून देणारे किकस्टार्टर हे संकेतस्थळ २००९ मध्ये आले तेव्हा हा पेच सुटल्यासारखा वाटला. ठरलेली रक्कम जमली नाही तर कोणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत, त्यामुळे पुरेसे लोक आणि पैसा येणार का, हे आधीच कळते. पण शेवटी हिशेब आयोजकांनीच ठेवायचा असतो. जुलै २०१४ मध्ये इलिनॉयमधल्या शॉमबर्ग इथे डॅशकॉन नावाचे संमेलन सुरू झाले आणि शुक्रवारी रात्री आयोजकांनी जाहीर केले, की हॉटेलला आत्ताच्या आत्ता १७,००० डॉलर हवेत. पिशवी फिरली, लोकांनी खिसे रिकामे केले, ऑनलाइनही पैसे आले आणि रक्कम जमली. ‘वेलकम टू नाइट व्हेल’ या पॉडकास्टचे कलाकार मात्र पैसे न मिळाल्याने परत गेले. ज्यांनी त्यांच्या कार्यक्रमासाठी राखीव जागा घेतल्या होत्या, त्यांना भरपाई म्हणून प्लास्टिकच्या चेंडूंच्या छोट्या हौदात एक तास जादा खेळायची मुभा देण्यात आली.