आरे घळई
स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनमधील (प्रांतातील) एक अरुंद नदी-घळई आणि तिच्यातून जाणारी उन्हाळी पायवाट. माइरिंगेन आणि इनर्टकिर्शेन या गावांच्या मधोमध आरे नदीने ती चुनखडकात कोरली आहे. लांबी १.४ किमी., खोली २०० मी.पर्यंत; सर्वांत चिंचोळ्या जागी दोन कड्यांत जेमतेम मीटरभर अंतर उरते.

घळई मुळात झालीच कशी, हा इथला खरा रंजक भाग. हास्ली खोऱ्यात किर्शेट नावाचा चुनखडकाचा उंचवटा आडवा पसरला आहे. हिमयुगात आरे हिमनदी त्याच्यावरून सरकत असे. माथा तिने घासून गुळगुळीत केला, पण अडसर काही हटला नाही. तो भेदला पाण्याने. बर्फाखालून जोराने वाहणाऱ्या प्रवाहांनी खडकात खोल चिरा पाडल्या. याच उंचवट्यात आणखी जुन्या घळयाही आहेत, मात्र हिमोढांनी, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीने, बुजल्यामुळे त्या सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. आजच्या घळईच्या भिंतींवर भोवऱ्यांनी घासलेले अर्धगोल खोलगट भाग दिसतात. पाणी पूर्वी किती उंचावरून वाहत होते, ते त्यांवरून कळते.

काठ असा नाहीच, त्यामुळे नदीकडेने चालण्याचा प्रश्नच नव्हता. १८८८ मध्ये कड्याला टेकवून लाकडी फळ्यांची वाट बांधली गेली. काही ठिकाणी खडक फोडून बोगदे काढले. वाट बहुतेक सपाट असल्याने एका टोकाकडून दुसरीकडे जायला सुमारे चाळीस मिनिटे पुरतात. गिर्यारोहण म्हणावे असे तीत काही नाही. हिवाळ्यात ती बंद असते.

पावसावर वाहणाऱ्या नद्या कोरड्या ऋतूत रोडावतात. आरेचे उलट आहे. तिचा उगम हिमनद्यांत असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात, बर्फ वितळू लागले की, ती फुगते. हिमनदीने दळलेली खडकाची बारीक भुकटी मिसळल्याने पाणी राखाडी, दुधट दिसते. घळईच्या तळाशी ऊन फारसे पोहोचत नाही, म्हणून भर जुलैतही अंगावर जाडसर कपडा असलेला बरा. वरच्या बाजूला ग्रिमसेल परिसरात जलविद्युत धरणे असल्याने आजचा प्रवाह पूर्णपणे नैसर्गिक राहिलेला नाही.

आल्या वाटेने परतायचे नसेल, तर पूर्वेकडील टोकापाशी माइरिंगेन–इनर्टकिर्शेन रेल्वेचा थांबा आहे. तो बोगद्याच्या आत आहे.