सनांगा आणि तगर: झाडं एका घराण्यातली, पण डोळ्यात घालण्याआधी हे वाचा

सनांगा म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातल्या काही आदिवासींचं डोळ्यात घालायचं औषध. तगर म्हणजे आपल्या अंगणातली, रोज देवाला वाहिली जाणारी पांढरी फुलं. दोन्ही झुडपं टॅबर्नेमाँटाना या एकाच प्रजातीतली (इंग्रजीत ‘जीनस’), पण वेगवेगळी. पानं तशीच गर्द हिरवी आणि चकचकीत, फुलं तशीच पाच पाकळ्यांची भिंगरीसारखी, फांदी मोडली की दोघांतूनही पांढरा चीक येतो. हे नातं कळलं की पुढचा विचार लगेच सुचतो: परदेशातून महागडी बाटली कशाला मागवायची, दारातल्या तगरीचं मूळ ठेचून थेंब घरीच करू. असं करू नका. का करू नये, ते दोन्ही झाडं शेजारी ठेवली की कळतं.

सनांगा वापरणारे लोक प्रामुख्याने ब्राझीलच्या आक्रे राज्यातले हुनी कुइन, यावानावा, कातुकिना आणि ब्राझील-पेरू सीमेवर जावारी नदीच्या खोऱ्यात राहणारे मात्सेस. त्यांच्याकडे हे मुख्यतः शिकाऱ्याचं औषध आहे. शिकार सतत हुकू लागली, अंगात आळस भरला, की त्या अवस्थेला तिकडे ‘पानेमा’ म्हणतात. ती घालवायला आणि दाट झाडीत नजर तीक्ष्ण व्हावी म्हणून शिकारीला निघण्यापूर्वी हे थेंब घातले जातात. मुळाची साल खरवडून ती थोड्या पाण्यात पिळतात आणि तो रस आडव्या झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत सोडतात. काही मिनिटं भयंकर आग होते, डोळे उघडत नाहीत, पाण्याच्या धारा लागतात. ही आग सोसणं हाही त्या विधीचाच भाग आहे. झाड ओळखणारा, मूळ काढणारा आणि थेंब घालणारा त्याच गावातला जाणकार असतो, रसही ताजा असतो. तरी तिथे धोका नसतोच असं मी म्हणणार नाही. पण हजारो किलोमीटर प्रवास करून आलेली, कोणत्या झाडाची आणि किती तीव्रतेची हे न सांगणारी बाटली ही त्या औषधाची केवळ नक्कल आहे.

मात्सेस लोकांनी २०१५ मध्ये आपल्या औषधविद्येचा सुमारे ५०० पानांचा कोश पूर्ण केला, तोही फक्त स्वतःच्या भाषेत, म्हणजे बाहेरच्या कुणाला ते ज्ञान उचलून विकता येऊ नये. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, हे आपल्या लक्षात असेल. म्हणूनच मात्सेसांची ही काळजी आपल्याला सहज समजायला हवी.

आता तगर. तिचंही डोळ्यांशी जुनं नातं आहे, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. तगरीच्या फुलांचा रस, कधी तेलात मिसळून, डोळ्यांच्या जळजळीवर वापरत असल्याच्या नोंदी आपल्याकडच्या वनस्पतिवर्णनांत सापडतात. पण हेतू पाहा. तगरीचं फूल थंडाव्यासाठी, सनांगाचं मूळ आग होण्यासाठी. एकीकडे पाकळ्या, दुसरीकडे मुळाची साल.

हा फरक साधा नाही. अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली तीव्र परिणाम करणारी नत्रयुक्त द्रव्यं, झाडाच्या प्रत्येक भागात सारख्या प्रमाणात नसतात. तगरीच्या मुळाच्या अर्कावर थायलंडमध्ये प्रयोगशाळेत काम झालं आहे. हा अर्क शरीरातल्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला (एन्झाइमला) अडवतो असं त्यात दिसलं. शेतात फवारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकंही याच विकरावर काम करतात. याचा अर्थ तगर म्हणजे कीटकनाशक असा नाही. पण ‘देवाचं फूल, त्याने काय होणार’ हे म्हणणं मुळाला लागू पडत नाही. सह्याद्रीतला नागलकुडा याच प्रजातीतला आहे, त्यालाही हेच लागू.

शिवाय चीक. तगर आणि सनांगाच्या कुळात कण्हेर आहे, सर्पगंधा आहे, सदाफुली आहे, आताच्या वर्गीकरणात रुईही आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर अनेकदा फारसं दुखत नाही, पण बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला आतून सूज येते आणि नजर धुरकट होते. डोळ्याच्या डॉक्टरांना हे रुग्ण चांगले ठाऊक आहेत. दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असं समजू नये.

नावांचे घोळ वेगळेच. काष्ठौषधीच्या दुकानात ‘तगर’ मागितली तर मिळते ती हिमालयातल्या दुसऱ्याच एका वनस्पतीची मुळी. तिचा अंगणातल्या तगरीशी संबंध नाही. पेरूमधला ‘चिरिक सनांगो’ हाही सनांगा नव्हे, तो बटाटा-धोतऱ्याच्या कुळातला आणि विषारी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा झाड अगदी बरोबर ओळखलं, भागही बरोबर घेतला. तरी घरी केलेला रस डोळ्याचं औषध होत नाही, कारण स्वच्छ आणि निर्जंतुक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मूळ जमिनीतून येतं आणि मातीत बुरशी, जिवाणू, अकँथअमीबा असे जीव असतात. उकळल्याने बरेच मरतात, पण जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांच्यासाठी १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ लागते. मलमलच्या कापडातून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून जिवाणू आरपार जातात. त्यांना अडवायला ०.२२ मायक्रॉनची जाळी लागते. आणि बुबुळाच्या ज्या पारदर्शक पडद्यावर हे थेंब पडणार, तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. सुडोमोनास हा जिवाणू त्यात शिरला तर एक-दोन दिवसांत पडदा वितळू लागतो. वाचलाच तर पांढरा डाग राहतो, ज्याला आपण डोळ्यात फूल पडणं म्हणतो.

कारखान्यातही ही शिस्त ढळली तर काय होतं ते २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं. चेन्नईजवळ तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी जोडलेल्या साथीत सुडोमोनासची ८१ जणांना लागण झाली, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. तिथे यंत्रं होती, नियम होते. स्वयंपाकघरात यातलं काहीच नसतं.

सनांगाची जाहिरात करणारे काही जण मोतीबिंदू आणि काचबिंदूही बरा होतो असं सांगतात, तेव्हा मला खरोखर राग येतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं असतं, त्याला शस्त्रक्रियाच लागते. काचबिंदूत नेत्रतंतू सुकत जातात आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे आग होणारे थेंब घालत घालवलेले महिने कायमचे जातात.

कुणी असा रस घातलाच असेल, किंवा बाग छाटताना चीक डोळ्यात उडाला असेल, तर लेन्स असल्यास ती काढा आणि पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं डोळा धूत राहा. चोळू नका. घरात पडलेले जुने थेंब घालू नका, विशेषतः स्टेरॉइड असलेले, कारण बुरशीचा संसर्ग झाला असेल तर ते तो भडकवतात. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. सोबत ती बाटली आणि झाडाची पाना-फुलांसकट एक डहाळी न्या, म्हणजे नेमकं काय गेलंय ते त्यांना पाहता येईल.