घरगुती डीव्हीडी लेखन : सॉफ्टवेअरची निवड

घरच्या संगणकावरील चित्रीकरण, छायाचित्रे किंवा इतर फायली कोऱ्या डीव्हीडीवर उतरवण्यासाठी योग्य सॉफ्टवेअर ठरवणे. बोलीत या कामाला डीव्हीडी ‘राइट करणे’, ‘बर्न करणे’ किंवा नुसते ‘मारणे’ म्हणतात. ज्या यंत्रात ते होते तो ‘रायटर’. कोल्हापूरकरांना हे काम सर्वांत जवळून ठाऊक आहे ते लग्नाच्या शूटिंगमुळे. बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, तालमीच्या पोराची मैदानातली कुस्ती ही त्याची पुढची निमित्ते.

निवडीची सुरुवात सॉफ्टवेअरच्या नावांपासून करू नये. डिस्क कुठे चालवायची आहे, हा पहिला प्रश्न. राजारामपुरीतल्या घरी संगणकावर तयार झालेली डिस्क गडहिंग्लजच्या आत्याकडे टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर चालायची असेल, तर तो प्लेअर काय वाचतो यावर सगळे अवलंबून आहे. डीव्हीडीचे दोन प्रकार पडतात. डेटा डीव्हीडीत फायली जशाच्या तशा ठेवलेल्या असतात, पेनड्राइव्हवर ठेवतो तशा. व्हिडिओ डीव्हीडीची रचना मात्र ठरलेली आहे : चित्र एमपेग-२ पद्धतीचे, आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही-प्रणालीत ७२० बाय ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे, ते ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फायलींत विभागलेले, प्रत्येक फाइल १ गिगाबाइटच्या आतली. मोबाइलवरची एमपी४ फाइल नुसती डिस्कवर टाकली की ती डेटा डीव्हीडी होते, आणि जुना प्लेअर ती बहुधा नाकारतो. दोष डिस्कचा नसतो, रायटरचाही नसतो. मधला एक टप्पा राहिलेला असतो.

तो टप्पा म्हणजे ऑथरिंग : चित्रफितीचे रूपांतर करणे, प्रकरणे पाडणे, मेन्यू बनवणे. डिस्कवर लेसरने लिहिणे हे त्यानंतरचे, वेगळे काम. दोन्ही कामे एका बटणात बांधणारी सॉफ्टवेअर सोयीची वाटतात, पण प्रस्तुत नोंदीचा कल टप्पे वेगळे ठेवणाऱ्यांकडे आहे. त्याचे कारण विजेत आहे. २००५ च्या सुमारास आणि पुढची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन नित्याचे होते. आजही वळवाच्या पावसात वीज जातेच. तीन तासांच्या चित्रीकरणाचे एमपेग-२ रूपांतर साध्या संगणकाला कित्येक तास लागू शकते. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली, तर ती डिस्क सहसा वाया जाते. बफर, म्हणजे डिस्ककडे जाणारी माहिती क्षणभर साठवणारी जागा, रिकामा पडल्यावर लेखन थांबवून पुन्हा जोडून घेण्याची सोय २००० नंतरच्या रायटरांत आली, पण ती संगणक चालू असेपर्यंतच उपयोगी. म्हणून आधी फोल्डर तयार करावे, मग त्याची आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फायलीतली नक्कल, हार्डडिस्कवर साठवावी आणि शेवटी ती प्रतिमा डिस्कवर उतरवावी. असे केले की धोक्याची वेळ दहा-पंधरा मिनिटांवर येते, आणि तेवढ्याला साधा यूपीएस पुरतो. आयएसओ प्रतिमा बनवून ठेवू न देणारे सॉफ्टवेअर घरासाठी घेऊ नये.

क्षमतेचा हिशेबही आधीच केलेला बरा. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावतात, पण विंडोज तीच जागा ४.३७ दाखवते, एक मोजणी हजारांच्या पटीतली, दुसरी १,०२४ च्या, एवढाच फरक. दोन थरांची डिस्क ८.५ गिगाबाइटची. एक तासाचे चित्रीकरण एका थरात उत्तम दर्जाने बसते. दोन तासांना दर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात, तेही चालते. तीन तास एकाच डिस्कवर दाबले की अक्षता पडतानाची गर्दी ठोकळ्याठोकळ्यांची दिसू लागते. ‘डिस्कमध्ये बसवा’ असा पर्याय देणारी सॉफ्टवेअर हे मुकाट्याने करतात. सेकंदाला किती मेगाबिट पडतात हे आकड्यात दाखवणारे सॉफ्टवेअर निवडावे, आणि लग्न दोन डिस्कांवर घ्यावे.

मराठी वापरणाऱ्यासाठी एक कसोटी फार महत्त्वाची आहे, ती देवनागरीची. आयएसओ ९६६० या, डिस्कवर फायली मांडण्याच्या मूळ रचनेत फायलींच्या नावांना फक्त रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात. देवनागरी नावे टिकवायची तर जोलिएट ही जोडरचना किंवा यूडीएफ ही नंतरची रचना लागते. जोलिएटमध्ये फाइलच्या नावाला ६४ आणि डिस्कच्या नावाला १६ चिन्हे मिळतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी वेगळे चिन्ह धरले जाते. ‘राजारामपुरी लग्न’ हे नाव मोजून १६ भरते. पुढे एक अनुस्वारही मावणार नाही. मेन्यूचे गणित निराळे. मेन्यू हे चित्रच असल्यामुळे त्यावरची देवनागरी कुठल्याही प्लेअरवर दिसते, मात्र ऑथरिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरला युनिकोड आणि जोडाक्षरे नीट जुळवता आली पाहिजेत. न जमणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘श्री’ फुटतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. अशा वेळी पूर्वी ‘शिवाजी’सारखे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरत. आज सोपा मार्ग म्हणजे मथळा चित्र म्हणून तयार करून मेन्यूची पार्श्वभूमी करणे. नवरानवरीची नावे चुकीची छापलेली पत्रिका कोणी वाटत नाही. मेन्यूलाही तोच न्याय लावावा.

प्रत्यक्ष सॉफ्टवेअरांपैकी निरो बर्निंग रॉम हे जर्मन सॉफ्टवेअर १९९७ पासूनचे. रायटरच्या खोक्यात त्याची मर्यादित आवृत्ती अनेकदा मिळत असे, म्हणून कित्येकांच्या तोंडी ‘निरो’ हेच लेखनाचे नाव बसले. ते समर्थ आहे, पण पुढच्या आवृत्त्यांत इतकी जोडकामे भरली गेली की केवळ डिस्क लिहिण्यासाठी ते जड वाटते. विंडोजसाठीचे मोफत इमगबर्न हे फक्त लेखनाचे काम करते आणि ते चोख करते. त्याची शेवटची आवृत्ती जून २०१३ ची, २.५.८.०. त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरबरोबर एके काळी जाहिरातींची अनाहूत सॉफ्टवेअर येत, म्हणून बसवताना प्रत्येक पडद्यावरचा मजकूर वाचूनच पुढे जावे. सीडीबर्नर एक्सपी हाही मोफत पर्याय आहे. लिनक्सवर के३बी आणि ब्रासेरो. ऑथरिंगसाठी मुक्तस्रोत डीव्हीडीस्टायलर पुरेसे आहे : ते फोल्डर, आयएसओ आणि थेट लेखन असे तिन्ही पर्याय वेगवेगळे देते. विंडोज विस्टा आणि ७ च्या काही आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर होते, ते विंडोज ८ पासून काढले गेले. विंडोजच्या स्वतःच्या लेखन-सोयीत ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’ अशा अर्थाचा पर्याय दिसतो आणि तो पुष्कळांना फसवतो. त्यातून व्हिडिओ डीव्हीडी तयार होत नाही, डेटा डिस्कच होते.

लेखनानंतर पडताळणी करणारे सॉफ्टवेअर हवे, आणि ती करायलाच हवी. पडताळणीत डिस्क पुन्हा वाचून मूळ प्रतिमेशी ताडली जाते. वेळ जवळपास दुप्पट लागतो. वेगाचा १ पट म्हणजे सेकंदाला सुमारे १.३९ मेगाबाइट. १६ पटीची डिस्क ८ पटीने लिहिली तर तीन-चार मिनिटेच जास्त जातात, आणि जुन्या प्लेअरसाठी तो सौदा बहुतेक वेळा परवडतो. अशा प्लेअरसाठी शक्यतो वजा-आर (खोक्यावर DVD-R) डिस्क घ्यावी. अधिक-आर (DVD+R) डिस्क असेल तर तिची ओळख डीव्हीडी-रॉम, म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क, अशी नोंदवण्याची सोय इमगबर्नमध्ये आहे, रायटरने साथ दिली तर. डिस्क शेवटी फायनलाइझ करणे, म्हणजे लेखन बंद करून ती इतर प्लेअरना वाचता येईल अशी करणे, विसरू नये.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कवर बहुधा प्रत काढू न देणारे कुलूप असते. ते तोडून प्रती काढण्याचा विषय प्रताधिकार कायद्याच्या कक्षेत येतो आणि घरगुती लेखनाशी त्याचा संबंध नाही.

नव्या लॅपटॉपांत रायटर सहसा नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा रायटर वरील सगळी सॉफ्टवेअर ओळखतात. आयएसओ जपून ठेवली असेल तर दुसरी डिस्क कधीही काढता येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांतल्या घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरची कपाटे पाण्याखाली गेली. म्हणून एक प्रत गडहिंग्लजला आत्याकडे, आणि तिथे ती एकदा तिच्या प्लेअरवर अखेरपर्यंत चालवून पाहिलेली.